सुईणी गप्प बसल्या तो दिवस

साखरखेर्ड्याच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा गावोगावच्या सुईणींना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टरांनी एकदा नवाच धडा दिला. बाळंतीण कधी आतून खचते, बोलत नाही, जेवत नाही. तो मनाचा आजार असतो. तिला उपदेश करायचा नाही. नुसतं जवळ बसायचं, ती बोलली तर ऐकायचं.

गप्प बसणं माझ्या या सुईण मावश्यांना कुठलं जमायला! मी रोज चिडायचे, "तोंडाला कुलूप लावा" म्हणून ओरडायचे. जीव मात्र फार होता माझा त्यांच्यावर.

गावातच अशी एक सून होती. लेकरू झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेली. सासू थकून गेली होती. मला म्हणाली, "बाजार झाला का हिले माहेरी धाडतो, बाई. लेकरू राहीन आमच्यापाशी." लेकरू तुटलं तर ही पोर हातची जाईल, या भीतीने मला झोप लागेना.

मी मावश्यांना आळीपाळीने जायला सांगितलं. गेल्या सगळ्या मिळून. एकटीने गप्प बसायची हिंमत कुणाची?

मी पोचले तर ओसरीवर सगळ्या ओळीने, पदर डोक्यावर, हूं नाही की चूं नाही. आमच्याकडे बायका अशा बसतात त्या मयताच्या घरी. शेजारणींनी पाहिलं आणि समजायचं ते समजल्या. त्या घरात आज चूल पेटायची नाही म्हणून एक पिठलं घेऊन आली, दुसरी भाकरी. तेवढ्यात सासूही शेतातून परतली आणि घाबरून दारातच थांबली.

"कोन गेलं वं माय?" शेजारणीने डोळ्याला पदर लावला.

मावश्या माझ्याकडे बघायला लागल्या. धडा मोडेल म्हणून एकीनेही तोंड उघडलं नाही. मला हसू आवरेना, रागही येत होता.

आतून बारीक आवाज आला. "कोनी नाई गेलं. मी हाये अजून."

सासू डोक्यावरचं वैरणीचं ओझं टाकून आत धावली. मागोमाग मी गेले. सून बाजेवर उठून बसली होती. सासूने लेकरू उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि शेजारणीच्या भाकरीचा तुकडा स्वतः तिच्या तोंडात घातला.

पुरती बरी व्हायला तिला पुढे बरेच महिने लागले, पण माहेरी धाडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. त्या दिवशी ओसरीवर मावश्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि मी त्यांना बोलू दिलं.