आईची कुयरी

आमच्या पेठेतलं वाचनालय सुरू झालं ते गणेश मंडळाच्या खोलीत, सजावटीच्या सामानाशेजारच्या एका कपाटात. पुस्तकं घराघरांतून मागून आणलेली. पुढे मंडईमागच्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या. आता तीही इमारत पाडायची ठरली आहे आणि नवी जागा याच्या निम्मी. जुनी पुस्तकं रद्दीत जाणार हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. खराडीच्या ऑफिसात मीटिंग चालू असते आणि मी मनात कपाटं उपसत असते.

आई इथली पहिल्यापासूनची वर्गणीदार. इथल्या बायकांची एक रीत होती. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या पानावर कोपऱ्यात आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येत नाही. कोणाची तुळस, कोणाचं स्वस्तिक. आईची पेन्सिलीनं काढलेली इवलीशी कुयरी. 'पुस्तकांत चित्रकला करू नये, घरच्या भिंती मोकळ्या आहेत' अशी पाटी लागली, तरी कोणी जुमानलं नाही.

हल्ली आईच्या काही लक्षात राहत नाही. वाचनालयात जायचा हट्ट मात्र रोजचा. ती पुस्तक काढते, आधी शेवटचं पान उघडते, कुयरी बघते.

"झालंय वाचून." दुसरं काढते. "हेही."

नवी पुस्तकं तिला परकी वाटतात. मग रिकाम्या हातानं घरी, आणि घरभर येरझाऱ्या.

"सगळं वाचलंय, मग मला आठवत कसं नाही गं?"

मला रडू येतं आणि रागही, कोणाचा ते कळत नाही.

शनिवारी मी खोडरबर घेऊन वाचनालयात गेले.

"अहो, लोक खरडायला येतात, आपण पुसायला?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. कारण सांगितल्यावर त्यांनी गुपचूप स्टूल पुढे सरकवलं.

मी भराभर पुसत सुटले. मध्येच आईलाच पुसतेय असं वाटून हात थांबायचा. पण रद्दीवाला येणारच होता. पुसलेली पिशवीभर पुस्तकं घरी आणली.

काल तिनं त्यातली एक कादंबरी संपवली. चेहरा खुलला होता.

"इतकी छान कादंबरी माझ्या नजरेतून सुटली कशी गं?"

मग पेन्सिल मागितली आणि मी पुसलं होतं नेमकं तिथेच कुयरी काढली.

खोडरबर अजून माझ्या पर्समध्येच आहे.