चौथ्या गावची उपासना
मनुका उकळल्याचा वास आला की मला पाचोडच्या पलीकडलं ते पत्र्याचं चर्च आठवतं. मी पाळक, रविवारी चार गावांत उपासना घ्यायचो, त्यातलं ते शेवटचं. तिथली मंडळी घटत घटत दोन घरांवर आली होती. 'यापुढं उपासनेला पाचोडलाच येत जा' असं सांगायचं ठरवूनच एका रविवारी निघालो. वाटेत फटफटी पंक्चर झाली. प्रभुभोजनात द्राक्षारस म्हणून द्यायच्या, मनुका उकळून केलेल्या रसाची बाटली सांभाळत चालत पोचेस्तोवर दिवस कलला. आत गाणं चालूच होतं. पुढं बसलेली म्हातारी म्हणाली, "पाळकसाहेब, येत व्हती तेवढी गीतं सरली, म्हून परत पैल्यापासून धरली. बसा, एवढं होऊ द्या." मी मागं बसलो, सुरात सूर मिसळला. ठरवलेलं बोलणं तोंडाबाहेर आलंच नाही. आता माझ्या जागी नवा पाळक आहे. त्याचाही रविवार तिथंच संपतो.