मामाच्या दारूला तीन गुण

दारू चाखून गुण देणं हे माझं काम. अंधेरीच्या ऑफिसात आम्ही चौघं भर दुपारी घोट घेतो, तोंडात घोळवतो आणि भांड्यात थुंकतो. या जिभेचा मला नको तेवढा माज होता.

कोरोनात मामाची चव आणि वास गेले ते परत आलेच नाहीत. तरी विक्रोळीच्या चाळीत त्याने आजोबांची औषधी दारू करायला घेतली. गोव्याहून आणवलेल्या फेणीत भाजलेला ओवा, वाळा आणि कसल्याशा मुळ्या महिनाभर भिजत घातल्या, सगळं हाताच्या अंदाजाने. आजोबांची ती दारू चाखलेले आम्ही दोघंच उरलो होतो. लहानपणी गावी माझं पोट दुखलं की ते चमचाभर पाजायचे. म्हणून रविवारी मामाने मला बोलावलं.

त्याने हात जोडून आजोबांच्या नावाने गाऱ्हाणं घातलं, दारू त्यांना दाखवली, चार थेंब जमिनीवर सोडले आणि पेला माझ्या हातात दिला.

"बाबांची होती तशी लागता काय रे? तेवढाच सांग."

मी पेला उजेडात धरला, फिरवला, हुंगला. ओल्या गोणपाटाचा वास, मग करपलेला ओवा, शेवटी घसा खरवडणारा कडूपणा. आणि सवयीने उठून सरळ मोरीत थुंकलो. आजोबांना दाखवलेली दारू! मामी बघतच राहिली. तरी माझं शहाणपण थांबेना. म्हटलं, फसली मामा, दहापैकी तीन. वर ती सुधारायची कशी यावर व्याख्यानही झोडलं.

"म्हणजे तशी नाय," मामा म्हणाला आणि बूच लावलं.

रिक्षात बसलो तरी तोंडातली चव जाईना. तेव्हा कुठे आठवलं: नाक दाबून गिळलेला चमचा, पाठीवर आजोबांचा हात, हेच गोणपाट, हाच करपलेला ओवा. आजोबांची दारू वाईटच होती, आणि मामाला ती हुबेहूब साधली होती. मी गुण कापले ते नेमके त्याचेच.

रिक्षा तिथेच वळवायला हवी होती. पण कुठल्या तोंडाने जाऊ, असं झालं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर मामीने उचलला. म्हणाली, सकाळीच त्यांनी बाटली मोरीत ओतली. मग मामा फोनवर आला. मी सांगितलं, तशीच होती मामा, अगदी तशीच.



"माझा मन राखूक सांगा नको रे. काल सांगलंस ताच खरा."