जॅक उचलतो, धरत नाय

गाडीखाली जाण्याआधी कुंदामावशी त्या गाडीला कमरेने धक्का द्यायची. एकदा पुढून, एकदा बाजूने, चांगला जोर लावून. मग जरा थांबून कान द्यायची. गाडी हलली नाही, कुठे कुरकुरली नाही, तरच पुठ्ठा अंथरून खाली सरकायची. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई गाडीवर रागावली आहे.

गाडी तिची स्वतःची होती, शाळेच्या मुलांना नेणारी व्हॅन. मावशी कोपरखैरणे गावातली. गावातल्या तिच्या गल्लीत व्हॅन शिरत नसे, म्हणून आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा तिने महिन्याच्या भाड्याने घेतला होता. त्या कोपऱ्यावर दुपारभर ऊन असायचं. पलीकडची सावलीची जागा रिकामी असताना हा का घेतलास, असं मी विचारलं तर म्हणाली, "सावलीन पेव्हर ब्लॉक हायत, बाय. हितं शिमिटाचा कोबा हाय. मी जमीन बघून जागा घेतली." सकाळची फेरी अकराच्या आत संपायची, दुपारची साडेबाराला सुरू व्हायची. मधल्या वेळात ती पंजाबी ड्रेसवर मुलाचा जुना शर्ट चढवून तेल बदलायची, ब्रेक तपासायची. गॅरेजवाला गाडी दोन दिवस ठेवून घेतो आणि शाळा दोन दिवस थांबत नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

गाडीला ती 'गारी' म्हणायची. तिच्या बोलीत शब्दामधल्या 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल', आणि 'सावलीत'चं 'सावलीन'. गाडी उचलायची तिची पद्धत ठरलेली होती: आधी टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी, मग चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक, आणि गाडी वर गेली की तिच्याखाली घोड्या. घोडी म्हणजे पसरट पायांचा लोखंडी स्टँड. गाडीचं वजन घोड्यांवर उतरलं की जॅक नुसता शेजारी उभा. "जॅक उचलतो, धरत नाय," हे वाक्य तिने मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल. "उचलणारा येगला, धरणारा येगला. मानसांचाबी तसाच हाय."

माझे बाबा तुर्भ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, युनियनचे जुने कार्यकर्ते. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्या छापील बाजूवर शिकले आणि पाढे कोऱ्या बाजूवर लिहिले. 'सुरक्षा ही मेहेरबानी नाही, हक्क आहे' हे वाक्य मला प्रार्थनेच्या आधी पाठ झालं होतं. ते बाबांनीच लिहिलं होतं.

तर हेच बाबा एका सकाळी आमच्या जुन्या गाडीखाली झोपून तेल बदलत होते. गाडी उचलली होती डिकीत मिळणाऱ्या छोट्या जॅकने, आणि आधाराला दोन पांढरे हलके ब्लॉक. चौथ्या मजल्यावर कोणीतरी भिंत बांधून घेतली होती, त्यातले उरलेले. मी शेजारी उभी राहून त्यांना नट खोलायचे पाने देत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हेही लिहायला हवं.

कुंदामावशी फेरी संपवून आली, व्हॅन लावली आणि आमच्या गाडीपाशी थांबली. ओरडली नाही.

"भाऊ, जरा भायेर या. एक इचाराचा हाय."

"पाच मिनिटं थांबा, ताई. झालंच."

"त्या पाच मिनिटांचाच इचाराचा हाय."

बाबा चिडून बाहेर आले. हात पुसत म्हणाले, "बोला. तीस वर्षं कारखान्यात काढली मी, ताई. मला शिकवू नका."

"नाय शिकवत. जरा बाजूला व्हा."

तिने कमरेने धक्का दिला. एकच. जॅकखालचा पेव्हर ब्लॉक एका बाजूने खचला, जॅक कलला, आणि गाडी पांढऱ्या ब्लॉकवर बसली. ब्लॉकचा भुगा झाला, चहात जास्त वेळ राहिलेल्या टोस्टसारखा. गाडीचं पोट जिथे टेकलं तिथे मिनिटापूर्वी बाबांची छाती होती.

बाबांनी वाकून तो भुगा चिमटीत उचलला.

"कारखान्यान असा चालला असता का, भाऊ?" तिने विचारलं.

"संप केला असता," बाबा म्हणाले.

त्याच रविवारी ती आम्हाला तुर्भ्याला एका दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने लाल रंगाचा चकचकीत जॅक पुढे केला. "मावशी, तीन टनाचा आहे, डोळे झाकून घ्या."

"डोले झाकून गारीखाली जातात काय रं?"

"अहो, गॅरंटी आहे."

"कोनाची? जॅकची का भाऊची?"

दुकानदार हसला, पण ती हसत नव्हती. तिने बाबांना गाडीचं वजन विचारलं. बाबांना सांगता येईना, तेव्हा त्यांना गाडीचं पुस्तक काढायला लावलं. जॅक पूर्ण खाली केल्यावर किती उंच राहतो ते तिने टेपने मोजलं. आमची गाडी बुटकी, त्यामुळे लाल जॅक तिच्याखाली गेलाच नसता. दुसरा, बुटका आणि रुंद चाकांचा, तिने हातात घेतला, तेल पाझरतंय का ते बोट फिरवून पाहिलं. त्यावर लिहिलेलं वजन गाडीच्या दुपटीहून जास्त होतं, तेव्हा तो घ्यायचा म्हणून बाजूला ठेवला. मग घोड्या. प्रत्येक घोडी जमिनीवर ठेवून डुगडुगते का पाहिलं, वेल्डिंगवर नख फिरवलं. उंची धरून ठेवणारा दात्यांचा खटका होताच, पण त्याशिवाय आरपार जाणारी पिनही असलेली जोडीच तिने निवडली. "एक सुटला तं दुसरा धरल," ती म्हणाली. आमच्याकडे कोबा नव्हता, म्हणून पायांखाली घालायला लोखंडी पत्र्याचे जाड तुकडे घ्यायला लावले. आणि आधार गाडीला नेमका कुठे द्यायचा, ते चित्र पुस्तकात शोधून त्या पानाचा कोपरा दुमडून दिला. दुकानदार शेवटी म्हणाला, "मावशी, तुम्ही इथेच बसा. रोज गिऱ्हाईकं सांभाळा."

"मी बसलू तं तुजा अर्धा माल विकनार नाय," ती म्हणाली.

मी त्या रात्रीच पत्रक लिहिलं होतं, गाडी पडली त्या रात्री. राग आला की मला लिहिण्याशिवाय दुसरं काही येत नाही. 'पार्किंगमध्ये टांगलेला मृत्यू!' असं शीर्षक. बाबांचं नाव नव्हतं, पण बाकी सगळं होतं: खचलेला ब्लॉक, भुगा, झोपलेली कमिटी. लिफ्टशेजारी चिकटवलं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. लोकांनी कौतुक केलं.

दहा दिवसांनी कमिटीची नोटीस लागली. आवारात कोणतंही वाहन जॅकवर उचलण्यास सक्त मनाई. बाहेरच्या वाहनांना दिलेल्या जागा महिनाअखेर रद्द. खाली पुरावा म्हणून माझं पत्रक जोडलेलं. सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुझे आभार मानायला हवेत. डोळे उघडलेस आमचे."

संध्याकाळी कुंदामावशी दारात आली. नोटीस तिने फोनवर मोठी करून ओळ अन् ओळ वाचली होती.

"बाय, ह्यो खालचा कागद तू लिवलास?"

"हो, मावशी. पण मला असं म्हणायचं नव्हतं..."

"चांगला लिवतेस. मना वाचून भीती वाटली." ती खुर्चीत बसली नाही. "पन ह्याच्यान घोरी कुठं हाय? पाचर कुठं हाय? काय करू नये ते सगला हाय. काय कराचा ते एक ओल नाय. मंग मानूस काय करल? बंदच करल ना."

आजही त्याहून चांगलं टीकावाक्य माझ्या लिखाणाला मिळालेलं नाही.

सोसायटीच्या सभेत ती बोलू शकत नव्हती, कारण ती सभासद नव्हती. दाराबाहेर चपलांशेजारी उभी होती. कोपरा गेला तर व्हॅन लावायला जागा नाही, आणि जागा नाही तर कोपरखैरण्यातल्या शाळेची फेरी नाही, हे सभेतल्या बऱ्याच जणांना ठाऊक होतं. त्यांतल्या काहींची मुलं त्याच व्हॅनने जात होती. मी बोलले, आवाज चढला, नेहमीसारखा. मग बाबा उठले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोठ्याने सांगितलेला माणूस, हळू म्हणाला, "गाडीखाली मी होतो. चूक माझी होती. या आवारात गाडी कशी उचलायची हे फक्त त्या बाईंना कळतं. बंदी घाला, पण माझ्यावर."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणूनच तर बंद करतोय ना, काका. उद्या तुम्हाला काही झालं असतं तर?"

हात वर झाले. आमच्या बाजूने फार थोडे.

महिनाअखेरीस ती गेली. कामोठ्याला तिची लेक राहते. तिथल्या एका गोडाऊनचं अंगण मिळालं, वर्षाच्या मध्यात म्हणून तिकडच्या शाळेची अर्धीच फेरी मिळाली. सामान व्हॅनमध्ये भरताना मी मदत केली. नवं पत्रक लिहिते, असं मी म्हणाले. यात सगळं येईल, घोड्या, पाचरी, पत्रे, सगळं.

"लिव," ती म्हणाली. "पन पयले गारीखाली जा. मंग लिव."

मला ते लागलं. दोन महिने मी गेले नाही.

गेले तेव्हा रविवार होता. अंगणात पक्का कोबा होता, हे मी आता आपोआप पाहिलं. तिने विचारलं नाही की इतके दिवस कुठे होतीस. पाचरी माझ्याकडून लावून घेतल्या. जॅकचा दांडा माझ्या हातात दिला. घोड्या मीच सरकवल्या, पिना मीच घातल्या, गाडी मीच खाली उतरवली. धक्काही मलाच द्यायला लावला. "जोरान. ती काय पाहुनी हाय?"

मग पुठ्ठा दाखवून म्हणाली, "जा."

मी खाली सरकले. वर काळं लोखंड, नाकापासून वीतभर. तेलाचा वास, रस्त्याचा वाळलेला चिखल. सगळं मी स्वतः केलं होतं, तपासलं होतं, तरी मी हात अंगाशी धरून पडून राहिले. बाहेर फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

"घाबरलीस?"

"हो."

"सगला बघितलास ना?"

"बघितलं."

"तरी?"

"तरी भीती वाटते, मावशी."

चपला जरा जवळ आल्या. "मनापन वाटते. चौदा वरीस झाली."

बाबांच्या पत्रकांत, माझ्या पत्रकात, कुठेही ही ओळ नव्हती. मी तिला म्हणाले, हे लिहू का?

खाली तिचा हात आला. हातात पाना होता.

"लिवाचा मंग बघू. पयले नट खोल. शाला सोमवारी हाय."