साफ केलेलं भजन

माझ्या साडूंइतका स्वच्छतेचा भोक्ता अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. दुर्दैवाने ही स्वच्छता ते फक्त दुसऱ्यांच्या आवाजावर करतात. त्यांच्या स्टुडिओत पाय ठेवायला जागा नसते. स्टुडिओ म्हणजे सेलूला कापसाच्या जिनिंगच्या मागची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि दारावरची 'शांतता, रेकॉर्डिंग चालू आहे' ही पाटी साडू जेवायला गेले तरी लटकलेली. त्यांना साउंड इंजिनिअर म्हणतात. निदान ते स्वतः तरी म्हणतात. कॉम्प्युटरसमोर बसून, मेथी निवडावी तसे ते गाणाऱ्यांचे खोकले, ठसके आणि श्वास निवडून टाकून देतात. तबला-पेटी कीबोर्डवर स्वतःच वाजवतात, आणि मग एकेक ठोका माउसने ओढून पडद्यावरच्या रेघेवर नेऊन उभा करतात. शाळेतल्या कवायतीतल्या पोरांची जशी येते तशी मला त्या ठोक्यांची दया येते.

एकदा चुडाव्याची भजनी मंडळी आली. भजन शेवटाला चढत जातं, माणसं उठून उभी राहतात. साडूंनी ती चढलेली लय 'दुरुस्त' करून पहिल्या ओळीइतकी संथ केली. ऐकून म्होरक्या म्हणाला, "भाऊ, आमी शेवटाला नाचतो. ह्याच्यावर तर झोप यायलीय."

"ताल बरोबर हाय," साडू म्हणाले.

"आसंल. पण आमी कुठं हाव ह्यात?"

पुढे साडूंनी पिंगळीहून आपल्या वडिलांना आणून त्यांचं भजन रेकॉर्ड केलं. वडिलांना दमा. ओळ संपली की आत ओढलेला श्वास शिट्टीसारखा वाजायचा. साडूंनी तो प्रत्येक ओळीमागून कापला. वडिलांनी ऐकलं आणि विचारलं, "लय भारी. कोण गायलंय रे हे?" आम्ही सगळे हसलो. तेही हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

गेल्या उन्हाळ्यात वडील गेले. तेराव्याला साडूंनी तेच भजन लावलं. त्यांची आई थोडा वेळ ऐकत राहिली, मग एकदम म्हणाली, "थांबव रे. ह्यांना जरा दम तर खाऊ दे."

मूळ रेकॉर्डिंग साडूंनी कधीच कचरा म्हणून पुसून टाकलं होतं.

परवा सेलूला गेलो, तर साडू माइकसमोर बसून नुसते श्वास घेत होते. एक घ्यायचा, वडिलांच्या दोन ओळींमध्ये चिकटवायचा, ऐकायचा आणि पुसायचा. मला पाहून त्यांनी हेडफोन काढला.

"जमंना, साडूभाऊ," ते म्हणाले. "माझा लयच साफ यायलाय."