वाफमावशींची टाकी

वाफमावशींचं जंतूंशी उभं वैर. इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून हे नाव पडलं. निवृत्तीनंतर नाव सुटलं नाही आणि सवय तर त्याहून नाही. दाराची कडीसुद्धा त्या गरम पाण्याच्या फडक्यानं पुसत. आणि अशा बाईला नवरा मिळाला गाड्यांचा मेकॅनिक! संध्याकाळी तो कोपरापर्यंत काळा होऊन यायचा आणि मावशी साबण नि ब्रश घेऊन दारातच उभ्या. घासून झाल्याशिवाय घरात पाऊल नाही.

आता मेकॅनिक अंथरुणावर होते. डोक्याच्या मोठ्या दुखण्यातून वाचले, पण उजेड डोळ्यांना सोसेना. खिडकीला जाड पडदे लागले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि काही विचारलं तर "हं" म्हणायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. "त्यांचं मन कशात तरी गुंतवा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर माणूस असाच विझत जातो." त्या वाक्यानं मावशींची झोप उडाली. दवाखान्यातच बाहेरच्या बाकासमोर माशांची टाकी होती आणि भोवतीची आजारी माणसं कण्हायचं विसरून तिच्याकडे बघत होती. मावशींनी तिथल्या तिथे ठरवलं, नवऱ्याचं तोंड भिंतीकडून वळवायचं तर हेच.

"अंधाऱ्या खोलीत जगतील अशी झाडं आहेत?" त्यांनी टाक्यांच्या दुकानात विचारलं.

"आहेत की. जावा फर्न न्या, अनुबियास न्या. मंद दिवा पुरतो त्यांना," दुकानदार म्हणाला. "फक्त त्यांचं जाड खोड वाळूत पुरू नका, कुजतं. लाकडाला दोऱ्यानं बांधा. आणि मासे लगेच सोडू नका. आधी पाणी पिकू द्या."

"पाणी कसं पिकतं?"

"फिल्टरच्या स्पंजमध्ये चांगले जंतू धरतात. माशांची घाण तेच संपवतात."

चांगले जंतू! कुणी चांगला दरोडेखोर म्हणावं तशा मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी वाळू उकळली, दगड उकळले, लाकूड उकळलं. टाके घालावेत इतक्या नेटक्या गाठींनी झाडं बांधली. टाकी पलंगासमोर लागली, मंद हिरवा उजेड पडला. मेकॅनिकांची पाठ जशीच्या तशी. काही दिवसांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. मावशींनी सगळं उपसलं, काच घासली, नवं भरलं. पुन्हा धुवण. पानांना भोकं पडली, कडा वितळल्या. धीर न धरवून मासे आणले, ते उलटे तरंगले. दुसरे आणले, पहिले पाढे पंचावन्न.

मावशी दुकानात जाऊन कडाडल्या, "काय माल विकता हो तुम्ही?"

"मावशी, स्पंज नळाखाली धूत नाही ना?"

"छे! धुते कशाला?" मावशी ठसक्यात म्हणाल्या. "दर आठवड्याला उकळते."

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "अति तिथे माती, मावशी. तुम्ही पाणी पिकूच देत नाही."

मावशींचं पित्त खवळलं. जिच्या उकळण्याच्या भरवशावर सर्जननं माणसांची पोटं उघडली, तिला हा शिकवणार! त्या तणतणत घरी आल्या, बादली घेतली आणि टाकी रिकामी करायला बसल्या.

"खड्ड्यात गेले मासे!" त्या नवऱ्याच्या पाठीकडे बघून ओरडल्या. "एकदा तरी वळून बघायचं होतं हो! कुणासाठी मरमर मरतेय मी?"

"गोगलगाय कुठंय?"

मावशींच्या हातातला मग थांबला. मेकॅनिक कुशीवर वळले होते.

"झाडांबरोबर एक आली होती, मिरीएवढी," ते म्हणाले. "सकाळी खालून निघायची, दुपारपर्यंत वर चढायची. आज दिसत नाही."

ती मावशींनी सकाळीच चिमट्यानं उचलून मोरीत टाकली होती, वर उकळतं पाणीही ओतलं होतं. "घाण होती ती," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण तुम्ही बघत होतात? मग मी असताना का नाही?"

"तू असलीस की हातात फडकं असतं. टाकी झाली की माझी पाळी. भिंतीकडे तोंड केलं की निदान तोंड तरी वाचतं."

मावशींना रडू फुटलं, ते रागाचं की कशाचं, त्यांनाही सांगता आलं नसतं. बादली तिथेच टाकून त्या पुन्हा दुकानात गेल्या.

"गोगलगाय आहे?"

"लोक ती काढून टाकायचं औषध मागतात, मावशी," दुकानदार हसला. पण त्यानं एक दिली आणि बरोबर स्वतःच्या जुन्या टाकीतला मळकट स्पंजही. "हा धुवायचा नाही. तुमच्या पाण्यात पिळा आणि हात जोडून बसा."

स्पंजाला ओल्या मातीचा वास येत होता. मावशींनी श्वास रोखून तो टाकीत पिळला. तपकिरी लोंढा पाण्यात पसरला, बोटांवर चिकटून राहिला. गोगलगाय सोडायला गेल्या तर ती नखालाच घट्ट बसली.

"आणलीस? बघू," पलंगावरून आवाज आला.

हात धुवायचे तर ती आधी सुटायला हवी आणि ती तर सुटेना. मावशी तशाच, कोपरापर्यंत गढूळ पाणी निथळत, पलंगापाशी गेल्या. मेकॅनिकांनी तो हात धरून डोळ्यांजवळ नेला. गोगलगायीनं शिंगं बाहेर काढेपर्यंत ते थांबले. मग हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात न धुता जवळ आलीस."