विनोदी म्हणणाऱ्यांनी हात वर करा

आमच्या कथा कोणाला आठवत नाहीत. अगदी आम्हालासुद्धा! पण त्या वाचताना जे काही व्हायचं, ते अजूनही कोणाच्या लग्नात भेटलो की निघतंच. एकानं सुरू केलं की दुसरा म्हणतो, "अन् थे जावयाचं सांग ना!" मग पानावरचा भात थंड होतो.

रायपूर नुकतंच छत्तीसगढची राजधानी झालं होतं, तेव्हाची गोष्ट. इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात; त्या बूढापाऱ्यात, तलावाजवळच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही मराठी मंडळी रविवारी दुपारी जमायचो. काही कथा लिहिणारे, काही चहासाठी येणारे. अध्यक्ष घाटे बाई. शाळेतून रिटायर झालेल्या, आवाज मात्र अजून नोकरीवर! त्यांनी जाहीर केलं, की राजधानीत आता नुसत्या सासू-सुनेच्या कथा चालणार नाहीत. भयकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा, सगळं पाहिजे. आणि नियम केला: लेखकानं कथेचा प्रकार सांगायचा नाही, ऐकणाऱ्यांनी हात वर करून ठरवायचा. हात मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सरकारी ऑफिसात होते.

तिथून जो गोंधळ सुरू झाला, तो मला आजवर नीट उलगडलेला नाही.

*

पहिली कथा वानखेडे काकांची. काका रेल्वेत गार्ड होते, मूळचे वर्ध्याकडचे. कथेतला गार्ड स्टेशनवर चहा प्यायला उतरतो, कप हातात धरूनच हिरवी झंडी दाखवतो आणि त्याचीच गाडी त्याला सोडून निघून जाते. तो झंडी घेऊन मागे पळतो.

कथा संपली. घाटे बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "करुण," त्या म्हणाल्या. सगळ्यांचे हात करुणला!

काका "हव, हव" म्हणत खाली बसले. जिन्यात मला गाठून हळूच म्हणाले, "ताई, तिथं हसा लागते ना. गाडी निघून जाते तिथं."

मीसुद्धा हात वर केला होता!

"जिंदगीभर झंडी दाखवली," काका म्हणाले. "आता वाटते, आपल्यामुळं कोणी एकदा पोट धरून हसावं. बस. घरी तं आमची हे ऐकतच नाही. कुकर लावला म्हणते, अन् उठून जाते."

त्या दिवसापासून काकांची कथा असली की मी हसायची जागा शोधत बसायची. सापडायची नाही. वाईट वाटायचं हो.

*

उलट नितीनचं! नितीन बिजली ऑफिसात इंजिनिअर. त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदीत. त्यानं भयकथा लिहून आणली, घाम गाळून. नव्या राजधानीतलं एक ऑफिस, टेबलावर फायलींचा ढीग, आणि ढिगामागे एक माणूस. हालत नाही, बोलत नाही, पापणी लवत नाही. शेवटी कळतं की तो केव्हाच मेलेला आहे.

खोलीत हसून हसून लोक आडवे झाले. "अरे, हा तं आमच्या सेक्शनचा हाय!" कोणीतरी ओरडलं. "नाही नाही, आमच्या!" दुसरा.

नितीन रडकुंडीला आला. "आप लोग डरे नहीं?"

"घाबरले असते रे," घाटे बाई म्हणाल्या, "पण याच्यासोबत मी वर्षानुवर्षं डबा खाल्लाय."

वानखेडे काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबू, हसवाले तू काय घालते याच्यात? मले बी सांग ना."

"काका, मैंने तो डर डाला था!"

"असं? मंग मी बी डरच घालतो."

घातला. पुढच्या रविवारी काकांच्या कथेनं दोन बायका इतक्या घाबरल्या, की त्यांना घरी सोडायला काकांनाच जावं लागलं.

*

घाटे बाईंची रहस्यकथा. बाईंचा स्वभाव शिकवण्याचा. ऐकणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून पहिलंच वाक्य असं: "खून जावयाने केला."

पुढे अर्धा तास वाचन. संपल्यावर जो तो संशयानं दुसऱ्याकडे बघायला लागला. इतकं सरळ कसं असेल? नक्कीच बाईंनी काहीतरी खेळी केली असणार! एक म्हणाला, खून सासऱ्याचा मित्र असलेल्या डॉक्टरनं केला. नितीन म्हणाला, "मुझे तो माली पर शक है." शेवटी मतं घेतली. बहुमत डॉक्टरच्या बाजूनं.

"अहो, मी लिहिलंय ना! जावयाने केला!" बाईंचा आवाज तलावापर्यंत गेला असेल.

"बाई, तुमाले बी फसवलं असन त्या डॉक्टरनं," वानखेडे काका समजुतीनं म्हणाले.

बाईंनी त्यानंतर रहस्यकथेला हात लावला नाही.

*

माझं स्वतःचं झालेलंही सांगते, नाहीतर म्हणाल हिला दुसऱ्यांचंच सुचतं. मी विज्ञानकथा लिहिली. शंभर वर्षांनंतरचं रायपूर. चौबे कॉलनीच्या वर अंतराळयान येऊन थांबतं, त्यातून निळे लोक उतरतात आणि छत्तीसगढीत बोलतात. आणि गुळगुळीत, कुठेही न खोदलेल्या रस्त्यावरून चालत जातात.

यानाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. निळ्या लोकांबद्दलही नाही. रस्त्यापाशी मात्र सगळे अडले!

"कुठंच खोदलेलं नाही?"

"नाही."

"पाइपलाइनसाठी बी नाही?"

हात परीकथेला गेले. मी मोजले, काय करणार.

*

मग नितीननं सुचवलं, जग संपल्यानंतरची कथा लिहू. घाटे बाईंना ते काही केल्या पटेना. "जग संपलं तर वाचणार कोण?" पण सगळ्यांना चेव चढला होता.

पुढच्या रविवारी एकापाठोपाठ एक प्रलय! पण गंमत बघा, जगबुडी कशीही येवो, लिहिणाऱ्याची गल्ली शाबूत. बूढापाऱ्यातल्याच्या कथेत सगळी पृथ्वी पाण्याखाली, आणि तलाव मात्र काठाच्या वर चढत नाही. पुरानी बस्तीतल्याच्या कथेत आकाशातून आग पडते ती नेमकी वेशीपर्यंत.

"आमची चौबे कॉलनी दोनी वेळा बुडवली, काहून?" एकजण खरोखर चिडला. "तुमच्या पाऱ्याले काय सोन्याची भिंत हाय?" भांडण असं पेटलं, की चौबे कॉलनीवाले महिनाभर आलेच नाहीत. आणि मी चौबे कॉलनीतलीच! जावं की रागवून घरी बसावं, मला ठरवता येईना.

*

काकांची प्रलयाची कथा राहिली होती. ती वाचायची होती त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन काकूंनाच घेऊन आले. म्हटलं, कुकर आल्यावर लावा! काकू मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसल्या. काकांनी त्यांना बघितलं आणि खाकरून वाचायला सुरुवात केली.

जग संपलंय. एकच म्हातारा माणूस उरलाय. सकाळी उठून तो चहा करायला जातो. गॅस पेटतो, पण साखर सापडत नाही. तो एक डबा उघडतो, त्यात रवा. दुसरा उघडतो, त्यात मीठ. तिसऱ्याचं झाकणच निघत नाही. बाहेर रस्ता रिकामा, हाक मारायला कोणी नाही.

घाटे बाईंचा रुमाल निघाला. गेली पुन्हा करुणला, मी मनात म्हटलं.

एवढ्यात मागून फुस्सकन आवाज झाला. काकू! तोंडात पदर कोंबून हसत होत्या. "अवो माय! जग संपलं, तरी या माणसाले साखरेचा डबा नाही सापडला!"

आणि सगळी खोली हसत सुटली. काकांनी काकूंकडे बघितलं. मग आवाज चढवून, हातवारे करत वाचायला लागले. म्हातारा चहात मीठ घालतो, लोक हसले. शर्ट न पिळताच दोरीवर टाकतो आणि खाली स्वतःच भिजतो, काकू खुर्चीतून घसरल्या. काकांचा चेहरा असा खुललेला मी कधीच बघितला नव्हता.

कथा संपली. मी उभी राहिले. "विनोदी म्हणणाऱ्यांनी हात वर करा." सगळे हात वर. काकूंचे दोन्ही!

मी मोजतच होते, तेवढ्यात नितीननं विचारलं, "काका, एक बात समझ नहीं आई. दुनिया खत्म कैसे हुई? बाढ़ से? बम से?"

काकांनी कागद घडी करून खिशात घातले. "बाबू, दुनियेले काय झालं नाही. थे हाय तशीच हाय," ते म्हणाले. "फक्त हे नाही राहिली." आणि मागच्या खुर्चीकडे बघितलं.

काकूंचे हात खाली आले. मी मोजणी विसरले. घाटे बाई माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि काकांजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"चला घरी," त्या म्हणाल्या. "कोण्या डब्यात काय हाय, थे दाखवून ठेवतो तुमाले."